नावाची राखण

मी एकोणीस नंबरचा बिल्ला. पितळेचा, तळहातात मावेन एवढा, वर टांगायला एक भोक. बोलायची मला सवय नाही, माझं काम हाक ऐकण्याचं. आता मला हाक मारणारं कोणी उरलं नाही, म्हणून आज जरा बोलतो.

मालवणच्या पेठेत एक छोटी बँक निघाली, तेव्हा तिथल्याच एका कासाराने मला आणि माझ्या भावंडांना घडवलं. आमचं पितळ एका फुटक्या घंगाळाचं होतं. त्यात किती घरची माणसं न्हाली असतील, कोण जाणे. माझ्यावर नऊचा आकडा ठोकताना कासाराला शिंक आली आणि नवाचं शेपूट पार कडेपर्यंत गेलं. "रवांदे," तो म्हणाला, "नंबर कळल्याशी कारण." ते शेपूट अजून बोटाला लागतं.

बँकेत एक जाळी होती. जाळीच्या आत कॅशियर आजगावकर, बाहेर लोकांना बसायला लांब लाकडी बाक. कोणी पैसे काढायला आलं की त्याचा कागद तपासायला आत जायचा आणि त्याच्या हातात आमच्यापैकी एक बिल्ला पडायचा. आतलं काम झालं की आजगावकर जाळीतून नंबर पुकारायचे. माणूस उठायचा, बिल्ला द्यायचा, पैसे घ्यायचा. मग आम्ही पुन्हा भिंतीवरच्या आपापल्या खिळ्याला.

बाकावर बसलेल्या माणसांचे हात मी पुष्कळ बघितले. कोणी मला बाकावर वाजवत बसायचा, कोणी माझ्या कडेने पाठ खाजवायचा, बायका पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायच्या. नंबर लागेपर्यंत मला कोणी सोडत नसे. पैसे हातात आले की माझ्याकडे कोणी बघत नसे. मला त्याचं काही वाटलं नाही. माणसं तशीच असतात.

देवबागचा गुरुदास मात्र मला हातात घेऊन अंगठ्याने ते लांब शेपूट चाचपायचा. मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. मंगळुरी कौलं भरून मचवा उत्तरेच्या बंदरांत न्यायचा, तिकडून मिळेल तो माल घेऊन यायचा. मोठ्या आवाजाचा, हसरा माणूस. बाकाच्या उजव्या कोपऱ्यात बसायचा, खिडकीपाशी. तिथून बंदर दिसे.

सत्तावन्न सालची गोष्ट. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. निघण्याआधी घरखर्चाला पैसे ठेवायचे म्हणून गुरुदास बँकेत आला. कागद दिला, मला घेतलं, आणि पासबुक बघून पुन्हा जाळीशी गेला.

"भाऊनूं, ह्यां काय? माजे पैशे कमी कशे?"

"खात्याचा आकार आहे, गुरुदास. वर्षाचा."

"पैशाक कसलो आकार? गोल तो गोल!"

बाक हसलं. आजगावकर सावकाश माणूस. म्हणाले, "आकार म्हणजे खर्च. तुमचं खातं सांभाळण्याचा."

गुरुदासने हात जोडले, डोळे मिटले आणि देवळात गाऱ्हाणं घालतात तसा आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! आज ह्या जाळयेआडच्या देवाक गाऱ्हाणां घालतंय..."

"व्हय म्हाराजा!" बाकावरून सगळ्यांनी साथ दिली.

"मी दर्यात जीव घालतंय, माजे पैशे हंय सावलेत बसान आसत. बसलेल्या पैशांका हेंनी भाडां लावल्यानी!"

"व्हय म्हाराजा!"

"तां भाडां काडून टाक, नायतर माका पोस्टाची वाट दाखय, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आजगावकरांनाही हसू आवरेना. ते म्हणाले, "थांबा, मॅनेजरना विचारून येतो," आणि कागद घेऊन आत गेले. आतून लवकर येईनात. तेवढ्यात दारातून एका खलाशाने हाक मारली, "तांडेलानूं, वारो सुटलो! निघाचा आसा!"

गुरुदास उठला. मी त्याच्या मुठीतच होतो. तो पायऱ्या उतरला तेव्हा मागून आजगावकरांचा आवाज आला, "एकोणीस! गुरुदास, थांबा, नंबर लागला!"

"येवन घेतंय!" तो वळून म्हणाला. "पैशे काय पळान जातत?"

बंदरावर त्याची बायको तुळसा उभी होती. लोणच्याची बरणी द्यायला देवबागहून चालत आली होती. त्याने मला तिच्या हातात ठेवलं. "ह्यो सांबाळ गो. माजो नंबर आसा. इल्यावर त्या आकाराचो निकाल लावतंय."

मचवा गेला. पाचव्या-सहाव्या दिवशी समुद्र फिरला. मचव्याचं एक वल्हंसुद्धा किनाऱ्याला लागलं नाही.

तुळसाने मला घरी नेऊन देवघरात ठेवलं होतं. जपून ठेवायची दुसरी जागा तिला ठाऊक नव्हती. आमच्याकडे घरचं माणूस गेलं की त्याच्या नावाचा छोटा पत्रा करून देवांबरोबर पुजतात. त्याला टाक म्हणतात. सासऱ्यांचा टाक होता, आजेसासऱ्यांचा होता. त्यांच्या शेजारी मी. एके दिवशी धाकटा दीर बाबली आला आणि देवघरापाशी थबकला.

"वैनी, दादाचो टाक केलंस?"

तुळसाने मला उचललं ते इतक्या घाईने की समई कलंडली. त्यानंतर तिने मला सुंभात ओवून दाराजवळच्या खुंटीला टांगलं. गुरुदासची बंडी पूर्वी त्याच खुंटीला असायची.

तिथे माझी वर्षं गेली. खाडीवरचा वारा घरात शिरला की मी भिंतीवर आपटायचो. टक. टक. दारावर कोणी बोट वाजवावं तसं. तुळसा चुलीपासून उठून यायची. "इलास?" म्हणायची. अंगणात कोणी नसायचं. मग ती खाली वाळूकडे बघायची, पावलं उमटलीत का म्हणून. मला तेव्हा वाटायचं, वाऱ्याने मला हलवू नये. पण मी धरून तरी काय राहणार?

पहिलं वर्ष उलटल्यावर ती मला कनवटीला लावून बँकेत गेली. आजगावकरांनी खातं बघितलं. वर्षाचा आकार कापलेला होता, आणि त्याच्या खाली आणखी एक.

"ह्यो कसलो?"

"बिल्ला हरवल्याचा."

"हरवलो खंय? ह्यो बगा!" तिने मला जाळीला लावलं.

"मग द्या परत. तो आकार काढून टाकू."

तिने मला पुन्हा मुठीत घेतलं. "तेंचो नंबर आसा. ते येवन देतले."

आजगावकरांनी मान खाली घातली. तुळसाला मात्र आता राग आला होता. "भाऊनूं, आमच्या वाडयेच्या राखणदाराक आमी वर्षाक एक नारळ आनि एक कोंबो राखण देतो. तो शीम राखता, गुरां राखता, पोरांबाळां राखता. दिसना नाय, पन राखता. तुमी आमचे पैशे खातास, तुमी काय राखतास?"

बाकावर कोणी हसलं नाही. आजगावकरांनी जाड वही उघडून जाळीपाशी आणली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"नाव राखतो, बाई. दर वर्षी नवी वही येते. तिच्यात हे नाव मी माझ्या हाताने पुन्हा लिहितो. जोवर खातं आहे, तोवर माणूस वहीत हयात आहे."

तुळसाला वाचता येत नव्हतं. तिने जाळीतून बोट घालून ती ओळ चाचपली, जशी माझं शेपूट चाचपायची. मग म्हणाली, "मगे घेवा तुमची राखण."

तेव्हापासून दर वर्षी ती जायची. नारळाची सोडणं खाडीत कुजवायची, काथ्या काढायची, सुंभ वळून विकायची आणि त्यातून आकाराचे पैसे भरायची. गुरुदासच्या पैशातून तिने काही जाऊ दिलं नाही. काही काढलंही नाही.

बाबली चिडायचा. "वैनी, पोस्टात घाल गो. थंय कोन आकार मागना नाय. पोस्टमास्तर आपलोच माणूस."

"तेका तेंची सय व्हयी."

"सय नाय तर..." बाबली एवढं बोलून थांबायचा. सही नाही तर तुळसाने लिहून द्यायचं की नवरा गेला. ते वाक्य त्या घरात कोणी पुरं केलं नाही.

बँकेत माझा खिळा रिकामाच राहिला. नवा एकोणीस नंबर त्यांनी केला नाही. मी कनवटीतून ऐकायचो. "सतरा!" आजगावकर पुकारायचे. "अठरा!" मग थोडं थांबायचे. त्या थांबण्यात सगळं बाक गप्प व्हायचं. मग "वीस!" नवीन आलेली माणसं इकडेतिकडे बघायची. बाकाच्या उजव्या कोपऱ्यात कोणी बसत नसे. तारकर्लीची एक बाई एकदा चुकून बसली आणि लगेच उठली. चैत्राचं ऊन होतं, पाऊसपाणी काही नाही. "जागो भिजलेलो आसा गो," ती म्हणाली आणि लुगडं झाडत उभी राहिली. तुळसाने त्या फळीवरून हळूच हात फिरवला. हात कोरडा निघाला की ओला, ते मला कळलं नाही. तो हात तिने पदराला पुसला नाही, एवढं बघितलं.

पासष्ट साली आजगावकर स्वतः देवबागला आले. केस पिकले होते. तुळसाने गूळपाणी दिलं. ते पेला हातात धरून बसले.

"बाई, आमची बँक मोठ्या बँकेत जातेय. पुढच्या महिन्यापासून वह्या त्यांच्या. ज्याने त्याने येऊन सही करायची. जो येणार नाही त्याचं नाव..." ते थांबले. "त्याचं नाव बेवारस यादीत."

"बेवारस?"

"तसा शब्द आहे."

"माज्या घोवाक बेवारस म्हणतले?" तिचा आवाज चढला नाही. "मी आसंय मा हंय? मगे ते बेवारस कशे?"

"दुसरा एक मार्ग आहे. त्यांची खबर नाही, त्याला सात वर्षांच्या वर झाली. सरकार आता..." पुढचं आजगावकरांनाही बोलता येईना. तुळसा खुंटीकडे बघत होती. वारा नव्हता. मी गप्प होतो.

"तुमी तेंचा नाव राखलास," शेवटी ती म्हणाली. "आता माका राखूक व्हया."

बँकेच्या शेवटच्या दिवशी ती गेली. इतकी वर्षं तिने रोज कुंकू लावलं होतं. त्या सकाळी लावलं नाही. कागदावर जिथे 'विधवा' लिहिलं होतं तिथे तिने अंगठा दिला. कागद आत गेला. दुसरा बिल्ला तिला कोणी दिला नाही. ती बाकाच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन बसली. मी तिच्या मुठीत होतो, आणि तिची मूठ इतकी घट्ट होती की नऊचं शेपूट तिच्या तळव्यात उमटलं.

"सतरा!" आजगावकरांनी पुकारलं.

"अठरा!"

ते थांबले. रोजच्यापेक्षा जास्त थांबले. मग जाळीतून हाक आली, आणि ती मी सात-आठ वर्षांत ऐकली नव्हती.

"एकोणीस!"

कोणीच हललं नाही. मला वाटलं, दारातून कोणीतरी येईल. तुळसानेही दाराकडेच बघितलं. मग ती उठली.

"आसा," ती म्हणाली.

तिने मला जाळीतून आत सरकवलं. आजगावकरांनी पैसे मोजून दिले. "बिल्ला परत आला, म्हणून त्याचा आकार परत दिलाय. खात्याचा मात्र मिळत नाही."

"नको माका. ती राखण होती."

"आता हे तुमच्या नावाने नव्या बँकेत ठेवू?"

"थंय आकार घेतत?"

"घेतात."

"मगे पोस्टात घालतंय. माज्या नावाक राखण कित्याक? मी हंयच आसंय."

आजगावकर हसले की काय, कळलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. आमची भावंडं एका पोत्यात भरली होती, वजनावर विकायला. मला त्यांनी उचललं, अंगठ्याने शेपूट चाचपलं, आणि पोत्यात न टाकता जाळीतून परत दिलं.

"हा पोत्याच्या हिशोबात नाही, बाई. कधीच हरवला म्हणून लिहून ठेवलंय."

घरी येऊन तुळसाने मला चिंचेने घासलं. बाबली पायरीवर बसून बघत होता. तिने मला देवघरात ठेवलं, सासऱ्यांच्या टाकाशेजारी.

"वैनी," बाबली हळू आवाजात म्हणाला, "टाक चांदीचो करुक व्हयो."

"ह्योच ऱ्हवांदे, भावजी. थंय वर कोन हाक मारतलो तर तेंका आपलो नंबर म्हायत आसा."

आता मी इथेच असतो. रोज गंध लागतं, त्याने माझा आकडा भरून गेला आहे. डोळ्यांनी वाचता येत नाही, बोटाला तेवढा लागतो. आजगावकरांची बदली वेंगुर्ल्याला झाली. बँकेवरची पाटी बदलली. दाराजवळची खुंटी रिकामी आहे, तिथे वाजायला काही नाही. तरी संध्याकाळचा वारा आला की तुळसा अंगणात जाऊन वाळूकडे बघते. मला देवघरातून तिची पाठ दिसते.

मला कधी कधी हाक ऐकू येते. अठरा, मग थांबणं, मग माझा नंबर. मला ओ देता येत नाही.

एवढंच सांगायचं होतं. तुम्ही कधी बँकेत बाकावर बसलात आणि शेजारची जागा रिकामी दिसली, तर तिथे पिशवी ठेवू नका. एखाद्याचा नंबर लागायचा राहिलेला असतो.