खानाच्या भिंतीवरची निळी फरशी

मी एक फरशी बोलतेय. पायाखालची नव्हे, भिंतीवरची. वीतभर रुंद, आठ टोकांची, गडद निळी, अंगावर सोनेरी ड्रॅगन. सात टोकं शाबूत आहेत, आठवं तुटलंय. लोक मला तारा म्हणून हातात घेतात, कौतुक करतात. पण आमच्यात एकट्या ताऱ्याला अर्थ नसतो. चार ताऱ्यांच्या मधोमध फुलीच्या आकाराची एक फरशी बसते, चार फुल्यांच्या मधोमध एक तारा. कडेला कड लागते आणि भिंत होते. मी भिंतीसाठी जन्मले आणि आयुष्याचा बराच काळ भिंतीवाचून काढला.

आजच्या इराणच्या डोंगरात, एका खोल तळ्याकाठी मंगोल खानाचा महाल उभा राहत होता. काशान गावच्या उस्ताद युसुफ नावाच्या म्हाताऱ्या कुंभारानं मला महालाजवळच्याच भट्टीत भाजलं. तो लहान असताना मंगोल घोडेस्वार त्याच्या गावावर चालून आले होते. कापाकापी सुरू करण्याआधी त्यांनी कारागीर तेवढे बाजूला काढले. युसुफचे वडील कारागीर होते म्हणून वाचले, आणि वाचले म्हणूनच दूर पूर्वेला धरून नेले गेले. ते परत आले नाहीत.

आता त्याच मंगोलांच्या वंशजाला भिंती सजवून हव्या होत्या. नमुना म्हणून चीनचं रेशीम आलं होतं, त्यावर ड्रॅगन. युसुफनं असला प्राणी जन्मात पाहिला नव्हता. कापडावर बोट फिरवत तो मुलीला म्हणाला, "बाबांना ज्या वाटेनं नेलं ना, त्याच वाटेनं हे आलंय."

मग त्यानं साचा कोरला. एकेक खवला, एकेक नख. ज्यांनी घर मोडलं त्यांच्या महालासाठी माणूस इतक्या निगुतीनं का राबतो, हे मला अजून कळलेलं नाही.

भिंतीवर मी सुखात होते. चारी बाजूंना शेजारणी, समोर सगळं जग. चिनी वैद्य यायचे, इराणी कारकून यायचे, जॉर्जियाचे सरदार, फिरंगी राजांचे वकील यायचे. भाषा निराळ्या, पण खानासमोर आल्यावर वाकणं सगळ्यांचं सारखंच. पुढे खानांनी धर्म बदलला, इस्लाम स्वीकारला, दरबार दुसरीकडे गेला. छप्पर कोसळलं. शेकडो हिवाळे आमच्या अंगावर बर्फ पडलं आणि मेंढपाळांनी आडोशाला शेकोट्या पेटवल्या.

मग एक माणूस छिन्नी घेऊन आला. माझं आठवं टोक भिंतीतच राहिलं. बाजार, पेट्या, जहाज असं करत मी अमेरिकेत पोहोचले, एका श्रीमंताच्या दिवाणखान्यात, भिंतीतल्या शेकोटीभोवतीच्या सजावटीत बसवली गेले. त्याचं घर पाडलं तेव्हा पुन्हा सुटी झाले. शेवटी न्यू जर्सीत कुणाच्या तरी गराज सेलमध्ये पडले असताना त्र्यंबक नावाच्या एका पुणेकर इंजिनिअरनं मला उचललं.

"वीणा, बघ काय आणलंय! भिंतीवर लावू."

"एकच फरशी? बाथरूमचं काम अर्धवट राहिल्यासारखं दिसेल," वीणाकाकू म्हणाल्या, आणि त्यांनी मला ओट्यावर ठेवलं. तेव्हापासून पिस्कॅटवे गावातल्या त्या घरात आमटीचं गरम पातेलं माझ्या डोक्यावर असायचं. मला वाईट वाटलं नाही. ऊब होती, आणि रोज दोन माणसांची बोलणी होती.

त्र्यंबककाका गेले आणि बोलणी थांबली. पातेलं लहान झालं. मुलगा शार्दूल दूर दक्षिणेकडच्या अल्फारेटा गावात असायचा, फोन करायचा. काकू फोनवर भरभरून बोलायच्या आणि तो ठेवल्यावर ओटा पुसायच्या. पुसलेलाच ओटा परत पुसायच्या. मी ते पाहायचे.

म्हणून वरची खोली भाड्यानं दिली तेव्हा मला आनंद झाला. मैत्री नावाची मुलगी आली, नागपूरची, जवळच्याच विद्यापीठात पीएचडी करणारी.

"कशात? कम्प्युटर?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू, हिस्टरी. मंगोल."

"म्हणजे ते चंगेजखान वगैरे? मुंडकी उडवणारे?"

"उडवली ना, खूप उडवली. पण त्यांच्यामुळे रस्तेही जोडले गेले. चिनी नक्षी इराणला गेली, इराणी निळा रंग चीनला गेला. तेच..." तेवढ्यात तिची नजर ओट्यावर गेली. "काकू! पातेलं उचला! प्लीज!"

"अगं, भाजशील!"

तिनं मला ओल्या फडक्यानं पुसलं. ड्रॅगनवरून तिचं बोट फिरलं तेव्हा किती तरी काळानंतर कुणीतरी मला वाचलं. फोटो काढायला म्हणून ती मला वर घेऊन गेली आणि मी तिच्या टेबलावरच राहिले.

एका संध्याकाळी तिनं दार लावलं, सूटकेसमधून बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो बाहेर काढला, मेणबत्ती लावली आणि अगदी हळू आवाजात म्हणू लागली, "बुद्धं सरणं गच्छामि..."

मी हादरले. हे मी ऐकलेलं होतं. खानाच्या महालात काश्मीरकडून आलेले भिक्खू राहायचे. माझ्या भिंतीपाशी बसून संध्याकाळी म्हणायचे. सगळे शब्द हेच नव्हते, पण 'बुद्ध' हा शब्द तोच होता आणि तीनदा म्हणण्याची लय हीच होती. धर्म बदलला तेव्हा त्यांचे विहार पाडले गेले. ते निघून गेले ते मी पाहिलं, एकानं जाताना भिंतीला हात लावला होता.

वंदना झाल्यावर तिनं वडिलांना, दादारावांना, फोन लावला. "बाबा, त्या महालात भिक्खू राहत होते असं मला वाटतं. पण माझे पीएचडीचे गाईड म्हणतात, पुरावा कुठाय? आपल्या लोकांच्या खुणा इतक्या पुसल्यात ना..."

पुरावा तिच्या कोपराशी पडला होता. पण माझ्या अंगावर ड्रॅगन आहे, तोंडात जीभ नाही. इतकं एकटं मला बर्फातही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात काकू थालीपीठ घेऊन वर आल्या. दार ढकललं. मेणबत्ती पाहिली, फोटो पाहिला.

"मला बोलली नाहीस."

"मागच्या घरी बोलले होते काकू," मैत्री उभी राहून म्हणाली. "मग त्यांना एकदम खोली रिकामी हवी झाली."

काकूंनी ताटली टेबलावर ठेवली आणि त्या खाली गेल्या. पुढचे काही दिवस घरात नुसती भांड्यांची वाजावाज. मैत्रीनं सूटकेस भरायला घेतली. तेव्हा काकू पुन्हा वर आल्या, दारातच थांबल्या.

"कुठं निघालीस?"

"तुम्हाला अवघड होतंय म्हणून..."

"अवघड झालं मला. खोटं कशाला बोलू? लहानपणापासून जे कानावर पडलं ते एकदम जात नाही गं." त्या दोन पावलं आत आल्या. "पण तू दार लावून म्हणतेस ते नको. खालपर्यंत येऊ दे आवाज. या घरात माणसाचा आवाजच राहिला नाही."

त्या दिवसापासून दार उघडं राहिलं. काकू जिन्याच्या पायरीवर बसून ऐकायच्या.

त्या दोघींनी मला न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयातही नेलं. तिथल्या बाईंनी हातमोजे घालून मला उलटसुलट पाहिलं. "सुंदर आहे. पण इराणमधून कधी, कशी बाहेर पडली, हे माहीत असल्याशिवाय आम्ही घेऊ शकत नाही."

"मग जिथली आहे तिथं पाठवा," काकू म्हणाल्या.

"सध्या तसं पाठवणं फार कठीण आहे."

परतताना मैत्री म्हणाली, "त्या काळी खानाच्या परवान्याची धातूची पट्टी दाखवली, की चीनपासून इराणपर्यंत वाट मोकळी व्हायची, काकू."

"आणि तुझी वाट?"

"माझी? व्हिसा आहे तोवर."

दोघी हसल्या, पण फार नाही.

मग हिवाळ्यात काकू बर्फावरून घसरून पडल्या. शार्दूल विमानानं आला. "आई, आता एकटं राहणं पुरे. मी घर सेलला लावतोय." काकूंनी मला मैत्रीच्या हातात दिलं. "तू ने हिला. तुला कळतं तिच्यातलं."

"नको काकू. मीच उद्या कुठं असेन माहीत नाही. हिला तुमच्याकडेच राहू दे."

सामान बांधणाऱ्या माणसांनी मला जुन्या चादरींत गुंडाळून खोक्यात घातलं.

आता मी अल्फारेटात, शार्दूलच्या गराजमध्ये, त्याच खोक्यात आहे. अंधार आहे. घरात सगळे आपापल्या खोलीत मीटिंगमध्ये असतात, मोठ्यानं बोलायची सोय नाही. म्हणून काकू फोन घेऊन गराजमध्ये येतात आणि घडीची खुर्ची टाकून माझ्या खोक्याशेजारी बसतात.

"हं, बोल मैत्री. काय म्हणाले तुझे सर?... 'कदाचित' लिहायला सांगितलं? मग लिही 'कदाचित'. पण लिही. गाळू नकोस... ती फरशी? अगं, सामानात असेल कुठंतरी. सापडली की फोटो पाठवते."

हे बोलताना त्यांचा हात माझ्याच खोक्यावर टेकलेला असतो.

फोन संपला तरी त्या उठत नाहीत. मग दार उघडतं आणि नात विचारते, "आजी, हू आर यू टॉकिंग टू?"

"कुणाशी नाही गं, केया. आलेच."

दिवा बंद होतो.

अल्फारेटात तुम्हाला कधी वीणाकाकू भेटल्या, तर माझं एवढं काम करा. त्यांना सांगा, काकू, शोधू नका, फक्त हाताखालचं खोकं उघडा.