सगळ्या काठ्या परत आल्या

डोंगरावरच्या पडक्या किल्ल्याची रीत साधी. वर जाणाऱ्याला फाटकावर काठी द्यायची, उतरला की परत घ्यायची. सगळ्या काठ्या आल्या म्हणजे वर कुणी नाही. त्या संध्याकाळीही फाटकवालीनं काठ्या बघितल्या, कुलूप ठोकलं आणि सासऱ्यांना हाक मारली. त्यांची खुर्ची रिकामी! खुंटीवरची त्यांची गाईडची टोपीही गायब.

सासऱ्यांना हल्ली जेवल्याचं आठवत नसे, किल्ला मात्र तोंडपाठ. आणि काठी? "ती म्हाताऱ्यांना!" म्हणून ते झिडकारायचे. आणि ही शहाणी काठ्यांवर विसंबून मोकळी झाली होती!

कुलूप काढून ती धावत सुटली. धुकं उतरत होतं. बुरुजापुढचा तट गेल्या वर्षीच ढासळला होता, पण सासऱ्यांच्या डोक्यात तो अजून धडधाकट उभा होता.

ते तिथंच होते, अगदी कडेला. समोर चिटपाखरू नाही, तरी हातवारे करून सांगत होते, "वेढा पडला, पाणी तुटलं, पण किल्लेदार हटला नाही. चला, आता पुढच्या बुरुजावर!"

पुढे नुसती दरी होती. ओरडावं तर दचकतील, रागवावं तर मुद्दाम उलटं करतील. ती किल्ला बघायला आलेल्या पाहुणीसारखी पुढे झाली.

"अहो गाईडसाहेब! मग शत्रूनं फाटक फोडलं कसं?"

उचललेला पाय थांबला. "फोडलं कुठं, बाई? उपासमारीला कंटाळून आतल्यांनीच उघडलं."

"मला दाखवा ना ते फाटक. आणि जरा हात द्या, उंचीवर मला गरगरतं."

ते वळले. हात दिला. "घाबरू नका. मी आहे ना!"

उतरताना ते वेढ्याची हकीकत सांगत होते. तिला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही.

फाटकापाशी कुणी बसलेलं नाही हे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, इथं माझी सून बसते. मी वर गेलो होतो हे तिला सांगू नका हं."

"का? ओरडते?"

"ओरडली तर परवडलं! जिवाला लावून घेते पोरगी." मग त्यांनी तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. "आणि तुमची काठी कुठाय? ती परत द्या आधी. कुणी वर असताना आमची सून कुलूप लावत नाही."

कडीला लटकणारं कुलूप तिच्या डोळ्यांसमोरच होतं. तिला रडू आवरेना.