पेरूचं लोणी

माझी आई, भीमाबाई बनसोडे, सोलापुरातल्या मुलींच्या एका हॉस्टेलात सत्तावीस वर्षं स्वयंपाकाला होती. सकाळी दीडशे मुलींचा नाश्ता, दुपारी भाजी-भाकरी, संध्याकाळी पुन्हा तेच. मागच्या जूनमध्ये ती निवृत्त झाली, तेव्हा तिचे दोन्ही गुडघे पार गेलेले होते. डॉक्टर म्हणाले, उभं राहणं कमी करा. घरात आम्ही दोघीच. मी पोस्टात नोकरीला, म्हणजे दिवसभर बाहेर, आणि ही गॅससमोर उभी. शेवटी मी स्लो कुकर मागवला.

आईनं खोक्यात डोकावून पाहिलं. चिनी मातीचं जड काळं भांडं, त्याच्या भोवती विजेवर तापणारी बैठक, वर काचेचं झाकण आणि पुढं एक बटण.

"ह्याला शिट्टी कुटं हाय?"

"शिट्टी नसते आई. यात सगळं हळूहळू शिजतं. सात-आठ तास. समोर उभं राहायला लागत नाही."

"आट तासांत मी दीडशे पोरींना दोनदा जेवू घातलंय," ती म्हणाली आणि त्याच्यावर जुनी उशीची खोळ चढवून कुकर माळ्यावर ठेवायला लावला.

तो तिथंच राहिला. फेब्रुवारीच्या शेवटी आरोही घरी आली. आरोही कॉलेजात असताना तीन वर्षं त्या हॉस्टेलात होती. आता ती खेड्यापाड्यातल्या बायकांच्या बचत गटांना प्रशिक्षण देते. सोलापुरात असली की आईला भेटल्याशिवाय जात नाही. त्या दिवशी तिच्या हातात पेरूंची मोठी पिशवी होती. सगळ्या पेरूंच्या सालीवर काळे, खडबडीत डाग.

"गारपिटीनं असं झालंय, मावशी. चवीला एक नंबर आहेत, पण डाग बघून कुणी घेईना. गटातल्या बायकांनी जॅम करून बघितला. तो सारखा ढवळावा लागतो, आणि शेतातली कामं टाकून तिथं कोण उभं राहणार? दोनदा करपला. तुम्हीच काहीतरी सांगा."

आईनं एक पेरू उचलला, न धुताच पदराला पुसून चावला. "आत काय बी झालेलं न्हाय की. कुठल्या गावचं?"

"चिंचखेडचे. वळसंगच्या पुढं, फाट्यावरून आत."

आईचं चावणं थांबलं. मला ते नाव माहीत होतं. ते तिचं जन्मगाव. ती अकरा वर्षांची असताना आजोबांना सोलापुरात मिलमध्ये काम लागलं आणि सगळे इकडं आले. त्यानंतर ती एकदाही तिकडं गेली नाही. लहानपणी मी विचारलं की म्हणायची, "तितं आपलं काय हाय?" फक्त एकदा तिनं सांगितलं होतं, की माझी आजी पारू तिथं एका पेरूच्या बागेत कामाला जायची आणि तहान लागली की ओंजळ पुढं करायची. बागेची मालकीण वरून, लांबून पाणी सोडायची.

आरोहीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आईनंही तिला काही सांगितलं नाही. पिशवी ठेवून घेतली.

आरोही गेल्यावर मी फोनवर शोधायला लागले आणि मला फळांचं बटर सापडलं. परदेशात सफरचंदाचं करतात. फळ मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचं, गाळायचं, पुन्हा आटवायचं, म्हणजे पावाला लावण्याइतकं मऊ आणि घट्ट होतं. तेही स्लो कुकरमध्ये.

"बटर म्हंजे लोणीच की. मग ह्यात लोणी कुटं हाय?" आईनं विचारलं.

"लोणी नसतंच. लोण्यासारखं मऊ म्हणून बटर."

तिला ते पटलं नाही, पण रविवारी सकाळी तिनं स्वतःच कुकर माळ्यावरून काढायला सांगितला. पेरूंचे डाग सुरीनं काढले, फोडी केल्या, वाटीभर पाणी घालून झाकण लावलं. तीन तासांनी फोडी बोटानं दाबल्या जातील इतक्या मऊ झाल्या. बियांचं काय करायचं, यावर मी फोनमध्ये वाचत बसले होते, तोवर तिनं पुरणयंत्र काढून खुर्चीवर बसून फोडी फिरवायला घेतल्या. खाली गुलाबीसर गर, वर बिया. त्यात गूळ, दालचिनी, चिमूटभर सुंठ आणि लिंबू घालून गर परत कुकरमध्ये गेला.

संध्याकाळी पाहिलं तर पातळ. आमटीसारखं.

मला वाईट वाटलं. आई मात्र झाकण हातात धरून त्याच्याकडं बघत होती. झाकणाच्या आतून थेंब गळत होते.

"हे बघ. वाफ वर जाती आन्‌ परत खाली पडती. आटंल कसं? तुझ्या फोनात हे लिवलंय का न्हाय?"

लिहिलेलं होतं. मीच नीट वाचलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तिनं गर घातल्यावर भांड्यावर आडवं लाटणं ठेवलं आणि त्याच्यावर झाकण. एका बाजूनं फट राहिली. मग ती पलंगावर जाऊन पडली. मी तिला दिवसा पडलेली आजारपणाशिवाय पहिल्यांदाच पाहत होते. तासातासानं उठायची, एकदा ढवळायची, परत पडायची. दुपारी घरभर दालचिनीचा वास झाला. गराचा रंग गुलाबीचा विटकरी होत गेला. पाच वाजता तिनं थंड ताटलीत चमचाभर गर टाकला आणि ताटली तिरकी केली. गर जागचा हलला नाही. कडेला पाण्याची रेघसुद्धा सुटली नाही.

"झालं," ती म्हणाली.

आम्ही गरम भाकरीला लावून खाल्लं. मी आईच्या हातचं सगळं खाल्लेलं आहे, तरी हे नवीन होतं. पेरूच, पण जास्तच पेरू. आईनं आणखी एक घास लावून घेतला. मग बोट चाटून म्हणाली, "हे सोनं हाय, पोरी."

आरोही पुन्हा घरी आली, तिनं चव घेतली आणि तिथल्या तिथं ठरवलं. "मावशी, चिंचखेडला तुम्हीच येऊन शिकवायचं."

"मी? मी चौथी शिकलेली."

"मग काय झालं? तिथं कुणाला हे येतंय?"

मला वाटलं, आई आता गावाचं सांगेल आणि नको म्हणेल. ती उठून आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "कंच्या वारी?"

मी रजा टाकून सोबत गेले. सकाळी साडेसातला आरोहीची गाडी एका मोठ्या घरासमोर थांबली. अंगणात तीस-एक बायका सतरंजीवर बसल्या होत्या. ओसरीवर सत्तरीपुढची एक बाई खांबाला टेकून बसली होती. आरोहीनं ओळख करून दिली, "ह्या बजाबाई. बाग ह्यांचीच. गटाच्या कामाला अंगण ह्यांनीच दिलंय." आईनं मान हलवून नमस्कार केला. तिच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळेना.

आईनं शिकवायला सुरुवात केली तेव्हा तिचा आवाज बारीक होता. ती माझ्याकडं बघून बोलत होती, बायकांकडं नाही. फोडी कुकरमध्ये गेल्या, मऊ झाल्या. पुरणयंत्र फिरवायला दोघी-तिघी पुढं आल्या. गर परत भांड्यात घातला, लाटणं आडवं ठेवलं आणि अर्ध्या तासात लाईट गेली.

"आता चार वाजेपर्यंत येत न्हाय," कुणीतरी म्हणालं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक-दोघी पदर सावरून उठल्यासुद्धा. आरोही फोन लावत होती. एवढ्या लांबून आणून आईची फजिती होणार, असं मला वाटलं.

आई गुडघ्यावर हात ठेवून उठली. तिचा आवाज आता हॉस्टेलातला होता.

"बसा की! कुटं निघाला? दूध तापवायला शेणी लावत हुता का न्हाय तुमी? सकाळी चुलीवरनं उतरवून शेणीच्या धुमसत्या विस्तवावर ठेवायचं. सांजपातूर दूध तांबूस व्हायचं, आन्‌ वर बोटभर साय. ते काय हुतं मग? हेच की! ह्या यंत्राला लाईट लागती, आपल्याला न्हाय."

अंगणात हसू फुटलं. एक म्हातारी म्हणाली, "व्हय व्हय, माजी सासू ठेवायची." उठलेल्या बायका बसल्या. एकीनं शेणी म्हणजे गोवऱ्या आणल्या, दुसरीनं चुलीतला विस्तव. आईनं राख पसरायला लावली, तिच्यावर निखारे, त्यावर शेणी, आणि वर पुन्हा राख.

"ही चिनी मातीची कुंडी विस्तवावर ठेवायची न्हाय, तडकंल. कल्हईचं पातेलं हाय का कुणाकडं?"

"माज्याकडं हाय," ओसरीवरून बजाबाई म्हणाल्या. सुनेला न सांगता त्या स्वतः आत गेल्या आणि बुडाला जाड, आतून पांढरंशुभ्र पातेलं दोन्ही हातांनी घेऊन पायऱ्या उतरल्या. पातेलं आईच्या हातात देताना त्या थांबल्या.

"तू पारूची भीमी का गं?"

दोघी-तिघींनी माना वळवून आईकडं बघितलं. काहींना कळलं होतं, काहींना नाही.

"व्हय," आई म्हणाली. "पारूची लेक. भीमाबाई बनसोडे."

बजाबाईंनी तिच्याकडं निरखून बघितलं. "डोळं तसंच हाईत," एवढंच म्हणाल्या आणि ओसरीवर परत न जाता तिथंच सतरंजीवर टेकल्या.

पुढचे चार तास आईनं तो विस्तव सांभाळला. म्हणजे सांभाळून घेतला. ती एका स्टुलावर बसून राहिली आणि बायकांना पाळीपाळीनं पुढं बोलावत राहिली. राख कधी सारायची, पळी तळाला कशी लावायची, वास बदलला म्हणजे काय समजायचं. कुणी घाई केली की, "राहू दे, त्याचं त्याला शिजू दे." बायकांनी आता प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. गूळ किती? साखर चालंल का? बाटलीत किती दिवस टिकंल? आई एकेकीला उत्तर देत होती आणि जिथं ठाऊक नव्हतं तिथं सरळ, "मला म्हाईत न्हाय, आरोहीला इचारा," म्हणत होती. मी कडेला बसून वहीत सगळं उतरवून घेत होते. मधेच माझ्या लक्षात आलं की मी आईनं सांगितलेलं लिहून घेत आहे, कॉलेजात घ्यायचे तसं.

तीन वाजता गर विटकरी झाला. आईनं ताटली मागवली, चमचाभर गर टाकला आणि ताटली बजाबाईंच्या हातात दिली.

"तुमी बघा. तिरकी करा. झालंय का सांगा."

बजाबाईंनी ताटली तिरकी केली. डोळे बारीक करून बघितलं. "कडंला पानी सुटलंय जरासं."

"मग?"

"अजून थोडं ठेवायला पायजे."

"बरोबर," आई म्हणाली. "आता ह्यांना येतंय."

अर्ध्या तासानं पातेलं उतरलं. सगळ्यांच्या हातावर थोडं थोडं वाढलं. एका बाईनं उपवास आहे म्हणून घेतलं नाही. सकाळी तिला चहाबरोबर बिस्किटं खाताना मी बघितलं होतं. आईनंही बघितलं असणार. ती पुढच्या हाताकडं वळली. बजाबाईंनी बोटानं चाटून खाल्लं, मग पुन्हा हात पुढं केला. "आणि वाढ," म्हणाल्या. आईनं चांगलं दोन चमचे वाढलं.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "आई, कसं वाटलं?"

ती खिडकीतून बागांकडं बघत होती. "आवाज बसला माजा," म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "आईला सांगायला पायजे हुतं." आजी जाऊन वीस वर्षं झाली. मी तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला, तेही फार वेळ नाही.

चिंचखेडच्या बायकांनी त्या महिन्यात उरलेल्या सगळ्या पेरूंचं बटर केलं. बाटल्यांवर त्यांनी 'पेरूचं लोणी' असं लिहिलं. मी म्हटलं, यात लोणी नाही, लोक विचारतील. आई म्हणाली, "इचारू देत. मंग सांगू."

नंतर आरोहीचा फोन आला, मैंदर्गीच्या गटानं आईला बोलावलंय. तिकडच्या बायका निम्म्या कन्नड बोलणाऱ्या. मी रजा घेते म्हटलं, तर आईनं मला उडवूनच लावलं. "तुला कशाला? हॉस्टेलातल्या पोरींनी मला चार शब्द शिकवलेत की. बाकी हातानं दाखवीन." आरोही तिथं स्टँडवर थांबणार होती. मी आईला एसटीत बसवायला गेले. कुकर तिनं दोन गोधड्यांत गुंडाळून मांडीवर घेतला होता. कंडक्टर म्हणाला, वर ठेवा आजी, तर म्हणाली, "न्हाय. ह्याला धक्का लागलेला चालत न्हाय."

गाडी सुटली. मी हात केला, पण तिचं लक्ष नव्हतं. शेजारच्या बाईला ती काहीतरी समजावून सांगत होती, हातानं ढवळल्यासारखं करून.

माझ्याजवळ एक अनोळखी गृहस्थ अक्कलकोटच्या गाडीची वाट बघत उभे होते. त्यांनी सहज विचारलं, "कुणाला सोडायला आलात?"

"आईला," मी म्हटलं. "मैंदर्गीला शिकवायला चालली आहे."

"हां हां. शिक्षिका आहेत का?"

"हो," मी म्हणाले.