पालथ्या टोपलीखाली माझी लेक

"दगड मारणाऱ्यांना फार भिऊ नकोस. 'अरेरे, बिचारी!' म्हणणाऱ्यांना भी," असं एका म्हाताऱ्या पक्षिणीने मला पहिल्याच हिवाळ्यात बजावलं होतं. मी शेपटी उडवली आणि विसरून गेले.

मित्रांनो, मी आता जुनीजाणती कस्तूर आहे. पाठ वाळक्या पानाच्या रंगाची, फिकट छातीवर गडद ठिपके. थंडी पडली की रात्रीच्या रात्री उडत तुमच्याकडे येते आणि बागेतल्या झुडपांखाली मुक्काम ठोकते. चार पावलं धावायचं, थबकायचं, मान तिरकी करून गांडूळ हेरायचं. इतकं साधं आहे. पण माणसांना ते दुर्बीण लावूनही दिसत नाही!

यंदा लेकीला घेऊन आले. तिची ही पहिलीच खेप. हिवाळा सुखात गेला. आज सकाळी ती तळमजल्यावरच्या गॅलरीसमोर पाचोळा उलथत होती. तिथे एक दुर्बीणवाला त्याच्या आत्यासोबत राहतो. दुर्बीण गळ्यात असते, अक्कल कुठे ठेवतो देव जाणे.

"आत्या, लवकर ये! तितर आलाय!"

"तितर कसला रे? साळुंकी आहे ती. आणि चालते कशी बघ, चार पावलं टाकली की थांबते. पाय दुखावलाय बिचारीचा!"

"उडत पण नाहीये गं."

कशाला उडेल? जेवण जमिनीवर वाढलेलं असताना तुम्ही पंख्याला लटकून जेवता का?

मी जीव तोडून ओरडले. पोर जागीच थिजली. धोका दिसला की पाचोळ्यात मिसळून गप्प राहायचं, हे मीच शिकवलंय तिला. आत्याबाईंनी कपड्यांची टोपली तिच्यावर पालथी घातली आणि तशीच सरकवत गॅलरीत नेली.

आता पुढ्यात कोरडे तांदूळ टाकलेत. आम्ही किडे, गांडुळं, मऊ फळं खातो. पण विचारतो कोण? "लाजतेय गं!" म्हणे. मी कठड्यावर बसून हाका मारते, तर आत्याबाई कौतुकाने म्हणतात, "बघ, मैत्रीण गाणं म्हणायला आली!" गाणं! डोंबलाचं गाणं!

वारा फिरलाय. अंधार पडताच बाकीचे कस्तूर उत्तरेला, आपापल्या घरी परत निघतील. मी नाही निघणार. पण सकाळपासून उपाशी पोर किती तग धरेल?

मित्रांनो, शेजारीपाजारी कुठे पालथी टोपली दिसते का बघा. वर वजन म्हणून जाडजूड पुस्तक असेल, पक्ष्यांचंच, कोरं करकरीत. ते उचला. वाचायचं मागाहून बघा. आधी खाली वाका आणि माझी लेक अजून मान तिरकी करते का, तेवढं पाहा.