खिंडीतल्या खांबाची काच

"बाबा, चिठ्ठ्या निघाल्या," सून दारात उभी राहून म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत फेसाने भरले होते.

म्हातारा लाइनमन खाटेवरून उठला तो थेट न्हाणीघरात. बादलीच्या तळाशी त्याच्या काचेच्या टोप्या पडल्या होत्या आणि वर कागदाचा लगदा तरंगत होता. शाई केव्हाच पाण्यात गेली होती.

"पाहुणे यायचेत, म्हटलं जरा लख्ख कराव्यात."

"माहीत नव्हतं तर हात कशाला लावलास?"

सून बादलीतला लगदा गोळा करू लागली. दोन्ही वेळचं गरम ताट, औषधं, डोळ्यांत घालायचे थेंब, सगळं तीच बघायची. म्हाताऱ्याला आपलंच बोललेलं लागलीच टोचलं. पण तोंडातून गेलेला शब्द आणि पाण्यात गेलेली शाई, दोन्ही सारखीच.

टेलिफोनची तार खांबाला टेकू नये म्हणून पूर्वी खांबावर जाड काचेची टोपी बसवत आणि तिच्या गळ्यात तार बांधत. पुढे तारा जमिनीखाली गेल्या, खांब उपटले गेले, टोप्या भंगारात निघाल्या. तेव्हा याने एकेका खांबाची एकेक उचलून आणली. 'बाबांनी खात्यालाच टोप्या घातल्या,' असं मुलगा चारचौघांत सांगायचा. पण म्हाताऱ्याचा एक नेम होता. काच कुठल्या खांबावरची ते ठाऊक असेल तरच, तशी चिठ्ठी चिकटवून, ती खिडकीत बसणार. नाहीतर तिच्यात आणि फुटक्या बाटलीच्या बुडात फरक काय? मनाला येईल ते ठिकाण सांगून काचा विकणाऱ्या भंगारवाल्यांना तो दारातही उभं करत नसे.

आता खिडकीतल्या सगळ्याच काचा बुडं झाल्या होत्या. एकाच साच्यातल्या, एकाच हिरव्या रंगाच्या. त्याने एकेक उजेडात धरून पाहिली. इतकी वर्षं तो चिठ्ठ्याच वाचत आला होता, काच अशी त्याने कधी पाहिलीच नव्हती.

बाकीच्या गेल्या तर गेल्या. पण त्यात लंबूची होती. लंबू त्याचा जोडीदार, हात वर केला तर निम्म्या खांबाला पोचेल असा. वादळानंतरच्या सकाळी खिंडीतल्या खांबावर चढून त्याने तार बांधली आणि उतरताना कमरेचा पट्टा तुटला. त्या काचेला त्याचा शेवटचा हात लागलेला. दरवर्षी लंबूची बायको यायची, खिडकीशी बसायची, काच मांडीवर घेऊन आत करंगळी घालायची, चहा घेऊन जायची. यंदा ती कायमची लेकीकडे निघाली होती. काच बरोबर नेते, असा तिने निरोप धाडला होता.

ती आली तेव्हा काचा पुसून पुन्हा खिडकीत मांडलेल्या होत्या.

"भाऊजी, बसत नाही. गाडी दारातच उभी केलीय."

"चहा तरी घ्या, वहिनी."

"नको. तुम्ही ती काढून ठेवलीय ना?"

सून पुढे झाली. "मावशी, माझ्या हातून जरा—"

"ही घ्या," म्हाताऱ्याने मधेच म्हटलं आणि हाताला लागली ती काच पुढे केली.

"यांचीच ना?"

"त्याचीच."

उभ्या आयुष्यात एका काचेचं खोटं ठिकाण सांगितलं नव्हतं, ते आज सांगितलं, आणि तेही हिला. त्याला मान वर करवेना.

तिने काचेत करंगळी घातली, फिरवली. पुन्हा सावकाश फिरवली. मग तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं, सुनेच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं आणि पिशवीतून रुमाल काढून काच नीट गुंडाळली.

"हीच," ती म्हणाली. "तुम्ही जपलीत म्हणून मिळाली, भाऊजी."

दारात तिने सुनेचा हात हातात घेतला. "किती गार पडलेत गं हात. साबणाच्या पाण्यात फार वेळ घालू नयेत." मग ती गेली.

म्हातारा खिडकीशी बसला. उरलेल्या काचांत, तिच्यासारखीच, एकेक करून करंगळी घालू लागला. आत खांबाच्या खुंटीवर फिरवून बसवण्याचे आटे असतात. सगळ्यांचे गुळगुळीत होते. शेवटच्या काही राहिल्या असताना एकीच्या आट्यावर खसखशीएवढी गाठ लागली. काच ओतताना राहिलेला थेंब. बोट तिथे आपोआप थांबलं.

दरवर्षी तिचं बोट कुठे थांबत होतं ते त्याला आज कळलं. आणि आज ते थांबलं नव्हतं, तरी ती 'हीच' म्हणाली होती.

"बाबा, सापडली का?" सून मागे उभी होती. "मी पळत जाऊ? गाडी नाक्यापर्यंतच गेली असेल."

"नको. ती 'हीच' म्हणाली ना. आता तिला खोटं पाडायचं नाही."

सून गेली आणि कागद, पेन, डिंकाची बाटली घेऊन आली. म्हाताऱ्याने ते बाजूला सारलं.

"इकडे बस. करंगळी घाल आत."

तिने घातली.

"हळू फिरव. लागलं?"

"हो. बारीक काहीतरी आहे."

"तो लंबू," म्हातारा म्हणाला. "खिंडीतला खांब. आता विचारायला कुणी यायचं नाही. तरी ध्यानात ठेव."

तिने मान हलवली. बोट मात्र बराच वेळ बाहेर काढलं नाही.