मागे न वळलेली मान

मी एक खुळखुळा. लाकडी, पोटात सात मणी. वाजणं, एवढंच मला येतं. म्हणून ज्या घरात माझ्या वाजण्याला उत्तर मिळेना, तिथे माझा जीव टांगणीला लागला.

सुताराने मला घासूनपुसून गुळगुळीत केलं. मामाने भाचीसाठी विकत घेतलं. भाचीला सगळे छकुली म्हणत.

छकुली आठ महिन्यांची झाली. समोर धरलं की माझ्यावर झडप घालायची, मला तोंडात कोंबायची. मागून वाजवलं, तर मात्र मान वळायची नाही. मला वाटायचं, माझेच मणी अडकलेत.

तिच्या आईच्या मनात पाल चुकचुकली. सासूला म्हणाली, "आई, हिला ऐकू येत नाही का हो?"

"काहीतरीच तुझं!" आजीने छकुलीच्या मागे फरशीवर ताट आपटलं. छकुलीने वळून पाहिलं. "बघ, ऐकते की!"

सगळे हसले. आई हसली नाही. ताटाने फरशी हादरली होती.

दुपारी तिने छकुलीला जाड गादीवर बसवलं आणि मागे उभी राहून मला हलवलं. मी जीव तोडून वाजलो. छकुली आपल्या पायाच्या अंगठ्याशी खेळत राहिली. आईने मला तिच्या कानाजवळ आणून पुन्हा वाजवलं. छकुलीची नजर अंगठ्यावरून हलली नाही.

"थोडी वाट बघू या," बाबा म्हणाले.

"आणि वाट बघण्यात चुकलं तर?" तिने मला पिशवीत टाकलं.

दवाखान्यातल्या तपासणीत कळलं, दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. बाबांनी विचारलं, "म्हणजे... बुद्धीनेही मागे राहील?"

तपासणाऱ्या बाईंनी छकुलीच्या देखत मला रुमालाखाली लपवलं. क्षणभर काहीच घडलं नाही. मी धास्तावलो. मग रुमाल ओढला गेला आणि ओल्या मुठीने मला पकडलं.

"दिसत नाही तरी तिथेच आहे, हे तिला कळतंय," बाई म्हणाल्या. "डोकं छान चाललंय. पण त्याला भाषा हवी. कानाला ऐकण्याचं यंत्र लावू, तुम्ही हातांनी, चेहऱ्याने आजपासूनच बोला. ही वर्षं परत मिळत नाहीत."

आता मी खेळण्यांच्या टोपलीच्या तळाशी असतो. यंत्राने तिला किती ऐकू येईल, कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. तुमच्या घरी अशी शंका आली, तर कृपा करून ती हसण्यावारी नेऊ नका.

आजी रोज आरशासमोर दूध मागायची हाताची खूण घोटते. मूठ उघडायची, मिटायची. काल छकुलीने तिच्याकडे बघून मूठ उघडली, मिटली. पुन्हा उघडली.

"अगं, मागितलं तिने! माझ्याकडे मागितलं!" आजी दूध घेऊन अशी धावली की अर्धी वाटी वाटेतच सांडली.