खालच्या आळीचा चेंडू

माझ्याच घराचं दार उघडायला मला फोनवर आलेले आकडे दाबावे लागले. तळपायाची आग मस्तकात गेली.

ओढ्याकाठचं हे घर. लग्न होऊन आले तेव्हापासून हार्टलॉ गावाच्या खालच्या आळीत मी इथेच भाड्याने राहत होते. गेल्या वर्षी मालकाने, वॉटी केरने, मला बाहेर काढलं आणि घर पर्यटकांसाठी सजवलं. पडका मठ आणि दगडी गल्ल्या बघायला येणाऱ्यांना दोन रात्री राहायला घरं हवीत ना! मग आम्हाला कुठली उरणार? मी बारा मैलांवर, कारखान्यांच्या गावात खोली घेतली.

पण गावात वर्षातून एकदा होणाऱ्या चेंडूच्या दिवशी यायचंच होतं. दोन्ही लॉज भरलेले. माझी मैत्रीण नेटा, तिच्याही वरच्या खोलीत पाहुणे. शोधून शोधून एकच जागा रिकामी निघाली, ती ही. नवऱ्याने स्वतःच्या हाताने केलेलं फडताळ उखडून तिथे हरणाचं खोटं डोकं लावलेलं. खाली पाटी: बाहेरच्यांना आत घेऊ नये, मेजवानी करू नये. त्या हरणाला दोन शिव्या हासडल्या तेव्हा जरा बरं वाटलं.

चेंडूच्या दिवशी आमच्या वरच्या आणि खालच्या आळीची जुंपते. कातड्याचा चेंडू त्यांनी किल्ल्याच्या भिंतीपलीकडे न्यायचा, आम्ही ओढ्यात. खालच्या आळीतली दारं त्या दिवशी पुढून-मागून सताड उघडी असायची, म्हणजे चेंडूवाला घरातून थेट पाण्यात. जो चेंडू पोचवेल त्याच्या खिडकीत तो टांगायचा आणि सगळ्या आळीने त्याच्याकडे सूप-व्हिस्कीला जायचं. कित्येक वर्षांत आमच्या आळीत तो टांगलेला नव्हता.

दुपारी दारावर धाडधाड धक्के बसले. खिडकीतून पाहिलं तर वॉटी! शर्ट फाटलेला, चेंडू पोटाशी धरलेला, आणि गल्लीच्या टोकाला वरच्या आळीची झुंड. तोही आमच्याच आळीचा; इतक्या वर्षांच्या सवयीने गडी माझ्या दाराशी आला होता. कुलूप आपणच बसवलंय हे साफ विसरून.

"मोराग? तू इथे?"

"पाहुणी आहे मी."

"दार उघड ना बाई, आले ते!"

"आकडे दाब की. कुलूप तुझंच ना?"

"ते बुकिंगवाली कंपनी बदलते गं! मला कुठले माहीत!"

"मग पाटी आठव. बाहेरच्यांना आत घ्यायचं नाही."

"अगं, आळी हरेल!"

हरू दे, असं तोंडावर आलं होतं. पण आळी त्याची एकट्याची होती का? मी खिडकी वर सरकवली. "चेंडू दे इकडे. तू बाहेरच राहा."

त्याने दिला. मी स्वयंपाकघरातून मागच्या दाराने धावले आणि चेंडूसकट गुडघाभर पाण्यात उतरले. थंडीने श्वास अडकला. वर काठावर आमची आळी नाचत होती.

नेटाने मला मिठी मारली. "जिंकलीस गं भवाने! चला, सूप कुणाकडे?" आणि बोलता बोलता थांबली. जिंकले मी, आणि माझं घर तर आता गावात नव्हतं.

वॉटी पुढे आला. "इथेच करा की. आजच्या दिवस माझी परवानगी आहे."

"परवानगी? माझ्या नवऱ्याचं फडताळ उखडून वर परवानगी देतोस? ठेव तुझ्यापाशीच. मी माझ्या घरी चालले."

पिशवी उचलली, चेंडू काखेत मारला आणि बसच्या थांब्याकडे निघाले. वॉटी मागून धावत आला.

"मोराग, वेडी झालीस का? चेंडू आजवर कधी गावाबाहेर गेलेला नाही!"

"मी तरी कधी गेले होते रे?"

बस आली. मी ओल्या बुटांनीच चढले. मागून नेटा चढली, आणि तिच्यामागे एकेक करत आमची आळी. वॉटी थांब्यावर उभा होता. त्याला कुणी चल म्हटलं नाही.